बीड आणि बारा महिने

आमच्या घरात ‘पंप’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक पंप आजोळचा. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात तयार होणारा, विहिरीवर बसणारा, दोन माणसांनी उचलायचा. दुसरा आईच्या उशाखालचा. निळा, तळहातात मावणारा, तोंडाला लावून दाबायचा. आईचे वडील आणि भाऊ पहिल्या पंपाच्या कारखान्यात फौंड्रीत होते. दुसरा पंप चाळीस वर्षं तिच्यासोबत आहे.

दम्याला पंचांग कळतं. आयुर्वेदात एका ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि पुढच्याचे पहिले सात, अशा चौदा दिवसांना ऋतुसंधी म्हणतात. जुन्या वैद्यांचा त्यातही शरद ऋतूवर विशेष डोळा असे, कारण तो त्यांना रोगी पुरवतो. आमच्या कुंडलमध्ये हे दिवस फार गजबजलेले असतात. पाऊस जातो जातो म्हणत घुटमळतो. दुपारी ऑक्टोबरचं ऊन भाजून काढतं आणि पहाटे गोधडी लागते. द्राक्षबागांत फळछाटणी सुरू होते, छाटणीनंतर औषधांच्या फवारण्या सुरू होतात. साखर कारखान्याच्या बॉयलरचं पूजन होतं, मग मळीचा वास गावावर उतरतो. वाऱ्यावर काय काय असतं देव जाणे. गावाला या दिवसांत दोन पैसे दिसतात आणि आईला रात्रभर छत दिसतं.

गेल्या वर्षीच्या आश्विनात मी पुण्याहून लॅपटॉप घेऊन तिच्याजवळ राहायला आले. घरून काम करायची सोय होती. त्या दिवसांतली एक रात्र. अडीच वाजलेले. पंप घेऊन झाला होता, नेब्युलायझर लावून झालं होतं, गरम पाणी झालं होतं. औषध आपलं काम करत होतं, पण सावकाश. अशा वेळी उरतं ते नुसतं बसणं. आई पलंगावर पुढं वाकून, उशी पोटाशी धरून. तिचा जीव रमावा म्हणून मी मोबाइलवर एक अभंग लावला. मोठ्या गवयाचा, तिच्या आवडीचा. दोन मिनिटांत तिनं हात हलवला.

“बंद कर बाई. त्यांचा दम बघून मला दम लागतोय.”

मग बासरी लावली. तीही नको. शेवटी काहीतरी लावायचं म्हणून मी माझ्या यादीतला एक पियानोचा तुकडा लावला. पुण्यात आमच्या वरच्या मजल्यावरची मुलगी परीक्षेसाठी तो महिनोन् महिने वाजवत असे. ऐकून ऐकून तो माझ्या अंगात मुरला होता. आवाज अगदी बारीक ठेवला. आई काही बोलली नाही. तुकडा संपला तेव्हा म्हणाली, “ते टिपटिप परत लाव.”

असं का झालं, हे कळायला मला वर्ष लागलं. हा लेख त्या वर्षाचा आहे.

तो तुकडा चायकोव्हस्कीचा होता. प्योत्र इलिच चायकोव्हस्की, रशियन, जन्म १८४०. त्याच्या ‘ऋतू’ नावाच्या पियानोसंचातला जूनचा तुकडा, नावाड्याचं गाणं. नाव ऋतूंचं असलं तरी तुकडे बारा आहेत, महिन्याला एक. जानेवारीत शेकोटी, मार्चमध्ये चंडोल, ऑगस्टमध्ये सुगी, ऑक्टोबरमध्ये पानगळ, डिसेंबरमध्ये नाताळ. हे बारा महिने त्याला आतून सुचले म्हणून आले नाहीत, ते मागवले गेले. सेंट पीटर्सबर्गमध्ये ‘नुव्हेलिस्ट’ नावाचं संगीताचं मासिक निघत असे. त्याचा संपादक निकोलाय बर्नार्ड यानं १८७५ च्या अखेरीस चायकोव्हस्कीला विचारलं, पुढच्या वर्षी दर अंकात एक तुकडा द्याल का? चायकोव्हस्की तेव्हा मॉस्कोच्या संगीतविद्यालयात शिकवत होता, ‘स्वान लेक’ हे बॅले डोक्यात होतं, आणि पैशाची गरज नेहमीचीच. त्यानं होकार दिला. महिन्यांची नावं आणि वर छापायच्या कवितेच्या ओळी संपादकाकडच्या, सूर याचे.

एक आठवण नेहमी सांगितली जाते. चायकोव्हस्कीनं नोकराला सांगून ठेवलं होतं की दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला मला आठवण कर. नोकर आठवण करी, हा बसून एका बैठकीत तुकडा लिही आणि टपालात टाकी. गोष्ट गोड आहे. त्याच्या पत्रांवरून मात्र दिसतं ते वेगळं. पहिले दोन तुकडे डिसेंबरातच गेले होते आणि बाकीचे वसंत संपेपर्यंत त्यानं बहुधा एका दमात उरकले. म्हणजे डिसेंबरचा नाताळ त्यानं मे महिन्यात लिहिला असणार. दिवाळी अंकासाठी ज्येष्ठाच्या उकाड्यात बसून फराळावर लिहिणाऱ्यांना याचं नवल वाटू नये.

मासिक आणि कुंडल हे शब्द एका ओळीत आले की आमच्या भागातला माणूस दुसरीकडे पाहतच नाही. कुंडल हे औंध संस्थानातलं गाव. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जागा दिली ती कुंडल रोड स्टेशनाजवळ, निवडुंगाच्या माळावर. तिथं वसाहत उभी राहिली आणि पुढं स्टेशनाचं नावही किर्लोस्करवाडी झालं. त्या माळावर नांगर तयार झाले, चरक तयार झाले आणि मासिकंही. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजे शंवाकि, यांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ काढलं. ते कारखान्याचं बातमीपत्र होतं, त्याचं पुढं ‘किर्लोस्कर’ झालं. १९३० साली ‘स्त्री’ आलं, १९३४ साली ‘मनोहर’. माझी आजी चौथी शिकलेली. ‘स्त्री’चा अंक घरात आला की स्वयंपाकाला उशीर व्हायचा, असं आई सांगते. महिना कसा का जाईना, पहिल्या आठवड्यात अंक यायचा. पीटर्सबर्गच्या एखाद्या घरात ‘नुव्हेलिस्ट’ असंच येत असेल. तिथल्या बायका तो पियानोवर उघडून ठेवत असतील आणि या महिन्यात काय आलं ते बोटांनी वाचत असतील. संगीत ऐकायचं ते तबकडीतून किंवा हवेतून, हे नंतरचं. त्या काळी संगीत अंकात यायचं आणि घरच्या माणसानं वाजवलं तरच ऐकू यायचं.

‘स्त्री’वरून आणखी एक नाव घेतलं पाहिजे. चायकोव्हस्कीच्या पस्तीस वर्षं आधी बर्लिनमध्ये एका बाईनं पियानोसाठी बारा महिने लिहून ठेवले होते. फॅनी हेन्झेल, माहेरची मेंडेल्सझोन. फेलिक्स मेंडेल्सझोनची थोरली बहीण. ती लहान असतानाच वडिलांनी तिला पत्रात कळवून टाकलं होतं की संगीत फेलिक्सचा पेशा होऊ शकेल, तुझ्यासाठी मात्र तो दागिनाच राहील. इटलीच्या प्रवासाहून परतल्यावर १८४१ साली तिनं ‘वर्ष’ नावाचा संच लिहिला. बारा महिने आणि शेवटी एक छोटं उपसंहारासारखं. सुबक प्रत केली ती महिन्यागणिक वेगळ्या रंगाच्या कागदावर, आणि चित्रकार नवऱ्यानं त्यावर चित्रं काढली. ती १८४७ साली एक्केचाळिसाव्या वर्षी गेली. हा संच छापून आला १९८९ साली. किर्लोस्करवाडीत एखादी शंवाकिंसारखी असामी तिला भेटली असती तर, असा वेडगळ विचार माझ्या मनात येऊन जातो.

तर मी ठरवलं, की ज्या महिन्याचा तुकडा त्या महिन्यात ऐकायचा. आश्विनात सुरुवात झाली म्हणून ऑक्टोबरपासून. आईसाठी रात्री आणि स्वतःसाठी संध्याकाळी, गच्चीवर, कातरवेळेला.

पहिल्याच महिन्यात लक्षात आलं की काहीच जुळत नाही. चायकोव्हस्कीचा ऑक्टोबर म्हणजे पानं झडलेली, उजेड विझत चाललेला, एकाच उदास सुरावटीला दोन हात आळीपाळीनं उचलून धरताहेत. आमच्या समोरच्या बागेत तेव्हा छाटलेल्या काड्यांवर कोवळी फूट आली होती आणि बागवाला दावण्या रोग पडू नये म्हणून रात्री हवामान बघत जागत होता. डिसेंबरात त्याच्याकडे नाताळचं वॉल्ट्झ, आमच्याकडे बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरांची उसाची रांग. जानेवारीत त्याची शेकोटी. हा एक जुळला. ऊसतोडकऱ्यांच्या पालांपुढं पाचट पेटलेलं असायचं. एप्रिलमध्ये त्याच्याकडे बर्फातून वर येणारं फूल, आमच्याकडे खरडछाटणी आणि बेचाळीस अंश.

बरं, त्याचे महिनेसुद्धा आपले नव्हेत. रशियात तेव्हा जुनी ज्युलियन दिनदर्शिका होती, बाकी युरोपाच्या बारा दिवस मागं. आपण त्यांना हसू नये. आपल्या पंचांगात साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक अख्खा महिना जास्तीचा घालावा लागतो, तेव्हा कुठं आषाढ पावसात येतो.

पण ऑगस्टचा तुकडा ऐकताना हसू आलं नाही. ऑगस्ट म्हणजे सुगी. धावती, अंगातून वारं गेल्यासारखी चाल. तो अंक निघाला १८७६ च्या ऑगस्टमध्ये. त्याच ऑगस्टमध्ये दख्खनवर पाऊस पडला नाही. दोन वर्षं चाललेल्या त्या दुष्काळात सातारा, सोलापूर, विजापूरचा मुलूख होरपळून निघाला. आमची गावं त्यातच. त्याच्या आदल्याच वर्षी सुप्यापासून सावकारांच्या वह्या जाळण्याचा उठाव झाला होता. पीटर्सबर्गच्या दिवाणखान्यात कोणी ‘सुगी’ वाजवत बसलं असेल, तेव्हा इथं माणसं गुरं सोडून देत होती. यात चायकोव्हस्कीचा काही दोष नाही. एवढंच की कुठल्याही महिन्याला सगळ्या जगात एक नाव नसतं.

आपल्याकडे हे काम रागांनी केलं. पावसाला मल्हार, वसंताला बसंत, बहार. पण राग हा ऋतूच्या पोटात शिरतो, त्याला मींड लागते, श्रुती लागतात. पियानोला ते जमत नाही. पट्टी दाबली, हातोडी तारेवर पडली, सूर निघाला. आता तो वाकवता येत नाही, वाढवता येत नाही. जन्मल्या क्षणापासून तो विरत जातो. हार्मोनियमवर मींडेच्या याच कारणावरून १९४० साली आकाशवाणीनं बंदी घातली आणि ती तीस वर्षं चालली. पियानोवर तशी वेळ आली नाही, कारण तो आपल्या मैफलीत फारसा आलाच नाही. केशवराव भोळ्यांसारख्यांनी १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाच्या संगीतात पाश्चात्त्य वाद्यं वापरली, सिनेमानं पियानोपुढं नायक बसवले, पण गावात पियानो म्हणजे चित्रातली वस्तू. कुंडलला पियानो नाही. माझ्या माहितीत कधी नव्हता. इथं पोवाडा आहे, भजन आहे, पेटी आहे.

आणि पेटीनंच मला आईच्या त्या रात्रीचं उत्तर दिलं. आई भजनी मंडळात पंधरा वर्षं पेटी वाजवायची. दम्यानं ती सुटली. मी तिला एकदा विचारलं, “पेटी आणि हे टिपटिप, दोन्हींत पट्ट्याच की. पेटीचं गाणं लावलं तर तुला नको होतं, हे कसं चालतं?”

ती म्हणाली, “पेटीला भाता असतो गं.”

मी तशीच बसून राहिले. पेटी श्वासावर चालते. भात्यात हवा आहे तोवर सूर, हवा संपली की सूर संपला. गाणं श्वासावर चालतं. बासरी श्वासावर चालते, सनई चालते. ऐकणारा नकळत त्या श्वासाबरोबर श्वास घेतो, तान लांबली की आपणही धरून बसतो. धडधाकट माणसाला यातच आनंद आहे. दमेकऱ्याला ते ओझं आहे. शिवाय दम्याचा त्रास श्वास घेण्याचा, असं पाहणाऱ्याला वाटतं. आईचं म्हणणं वेगळं आहे आणि डॉक्टरांनीही तेच सांगितलं. हवा आत जाते, बाहेर यायला वाट अरुंद होते. श्वास घेता येतो, सोडता येत नाही. पियानोचा सूर कुणी फुंकलेला नसतो. तो पडतो आणि सुटतो, पडतो आणि सुटतो. आईला त्या रात्री सोडून देणारं काहीतरी हवं होतं.

हा माझा आणि आईचा तर्क आहे, शास्त्र नव्हे. कुणी पियानो ऐकून पंप फेकून देऊ नये. पण रात्र काढायला तर्क पुरतो. केशवसुतांच्या ‘सतारीचे बोल’मधला रात्री भटकणारा खिन्न माणूस आठवा. त्याचंही औषध छेडल्या तारांमध्येच निघालं, गळ्यात नाही.

या सगळ्यात मला वाद्याचीच उत्सुकता लागली. पियानो इटलीत सन १७०० च्या आसपास बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिरानं बनवला. तेव्हा तो लाकडाचा आणि नाजूक होता. पुढं लोकांना मोठा आवाज हवा झाला, तारा जाड झाल्या, ताण वाढला, लाकडी सांगाडे पिळवटू लागले. १८२५ साली बोस्टनच्या आल्फियस बॅबकॉकनं अखंड ओतलेल्या लोखंडी सांगाड्याचं पेटंट घेतलं. आजच्या पियानोत अठ्ठ्याऐंशी पट्ट्या आणि सव्वादोनशेच्या वर तारा असतात. सगळ्यांचा मिळून ताण अठरा-वीस टन भरतो. आमच्याकडे ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या शिगोशीग भरून जेवढा ऊस कारखान्याला जातो, साधारण तेवढा. तो सगळा ताण एक ओतीव सांगाडा धरून ठेवतो आणि तो सांगाडा पोलादाचा नसतो. बिडाचा असतो.

बीड म्हटल्यावर मामाकडे जाणं आलं. मामा फौंड्रीत साचे भरायचा. आता ऐंशीच्या पुढं आहे, कानाला यंत्र आहे. मी त्याला मोबाइलवर पियानोच्या पोटातलं चित्र दाखवलं. सोनेरी रंग दिलेला तो सांगाडा त्यानं बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला.

“ह्यो एका दमात ओतलाय?” त्यानं विचारलं.

“होय.”

“मग वतणारा तयारीचा म्हणायचा. एवढी लांबरुंद जाळी. कुठं जाड, कुठं पातळ. गार हुताना तडकायला पायजे.” मग म्हणाला, “पण बीडच का घातलं म्हनं?”

हे मीच त्याला विचारायला गेले होते. त्यानं स्वतःच सांगितलं. बीड दाब सोसतं. कितीही रेटा, बसून राहतं. ओढ मात्र सोसत नाही, ओढलं की काड्कन जातं. पियानोत तारा सांगाड्याला दोन्हीकडून आत रेटतात, तिथं बीड बेस. “आनि दुसरं,” मामा म्हणाला, “पोलादाला हानलं की ते ठणाणा करतं. बीड आवाज पोटात घेतं. मशिनीची बैठक बिडाची का करत्यात? थरथर गिळती म्हनून. तुझ्या तारांनी वाजायचं, सांगाड्यानं वाजायचं न्हाई. सांगाडा गप पायजे.”

पुस्तकात मला हे सापडलं असतं, पण ‘गप पायजे’ सापडलं नसतं. आमच्या आजोबांनी ज्या बिडाचे नांगर ओतले तेच बीड. मामाला मी ऑक्टोबरचा तुकडा ऐकवला. त्यानं यंत्र कानातून काढून मोबाइल कानाच्या हाडावर टेकवला आणि शेवटपर्यंत ऐकला. मत विचारल्यावर म्हणाला, “बारकं वाजवतोय, पन वजन हाय.”

सांगाडा गप्प बसतो, पण पियानोचं लाकूड गप्प बसत नाही. तारांचा कंप मोठा करतो तो स्प्रूस नावाच्या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाचा पातळ फलक, जेमतेम एक सेंटिमीटर जाडीचा. पावसाळ्यात तो हवेतली ओल पितो, फुगतो, तारांना वर ढकलतो आणि सूर चढतात. थंडीत सुकतो, सूर उतरतात. म्हणून मुंबई-गोव्याकडे पियानोवाल्यांच्या घरी पावसाळा हा आजारपणाचा ऋतू. जुन्या घरांतून पियानोच्या पोटात एक बारीक दिवा जळत ठेवायची पद्धत होती, ऊब राहावी आणि ओल धरू नये म्हणून. पाऊस गेला की सूर लावणारा येतो. हे वाचलं आणि मला पियानो एकदम घरातला वाटू लागला. ऋतुसंधी त्यालाही बाधते. त्यालाही कुणीतरी येऊन बघून जावं लागतं.

याच उत्सुकतेपोटी एकदा मिरजेला गेले. तंतुवाद्यांचं गाव आमच्यापासून लांब नाही. तिथला धंदा सन १८५० च्या आसपास सुरू झाला. फरीदसाहेब हे मूळचे शिकलगार, तलवारींना पाणी देणाऱ्या घरातले. तलवारींचा काळ संपला आणि हात तारांकडे वळले. पंढरपूरकडच्या भागातून भोपळे येतात, तुणाचं लाकूड येतं, आणि २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. एका दुकानात मी उगाच विचारलं, पावसाळ्यात काय करता? तंबोऱ्याची जवारी लावत बसलेल्या कारागिरानं मान वर केली नाही. “पॉलिश करत नाही,” म्हणाला. “दमट हवेत लाख पांढरी पडते. आतली कामं काढतो. श्रावण-भाद्रपद आतलं काम, दसऱ्यानंतर बाहेरचं.” मग सुताचा दोरा घोडीवर एक केसभर सरकवला आणि तार छेडली. तो सूर पियानोसारखा विरला नाही, उलट सुटल्यावर फुलला. दोन्ही छेडल्या तारा, दोघांनाही भाता नाही. मी आईसाठी तंबोऱ्याचं ध्वनिमुद्रणही घरी आणलं. तिला ते दिवसा आवडतं. रात्री म्हणते, “हा थांबतच नाही गं.”

जुलै-ऑगस्टबद्दल थोडं सांगायला हवं. कुंडल डोंगराच्या पायथ्याशी आहे, कृष्णा इथून काही अंतरावर, त्यामुळं महापुराचं पाणी आमच्या दारात येत नाही. पुराची माणसं येतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये भिलवडीची मावशी तिच्या घरच्यांसह आमच्याकडे होती. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी पंचेचाळीस फूट, त्या वर्षी पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं. आमच्याच पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसं सोडवून आणणारी नाव उलटली. दोन वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पाणी पुन्हा पंचावन्न फुटांच्या घरात. तेव्हापासून आमच्या भागात पावसाची झड लागली की लोक पाऊस ऐकत नाहीत, आकडे ऐकतात. कोयनेतून विसर्ग किती, आयर्विनला फूट किती.

यंदा पाऊस बेताचा होता तरी झड आठवडाभर टिकली. चायकोव्हस्कीचा जुलै म्हणजे कापणी करणाऱ्याचं गाणं. त्या झडीत ते लावायला धजलेच नाही. शोपँ लावला. फ्रेडरिक शोपँ १८३८-३९ चा हिवाळा काढायला जॉर्ज सँड या लेखिकेबरोबर मायोर्का बेटावर गेला होता. छातीचा आजार, कोरड्या उबदार हवेची आशा, आणि नशिबी आला पाऊस. तिथं तीन वैद्यांनी त्याला तपासलं आणि त्यानं मित्राला कळवलं की एकाच्या मते मी मेलोय, दुसऱ्याच्या मते मरतोय, तिसऱ्याच्या मते मरणार आहे. पॅरिसहून मागवलेला पियानो जकातीच्या भांडणात अडकला आणि निघायची वेळ जवळ आली तेव्हा हाती आला. वाल्देमोसाच्या रिकाम्या मठात राहून त्यानं आपले चोवीस प्रिल्यूड पुरे केले. त्यांतल्या पंधराव्याला लोक ‘थेंबांचा’ म्हणतात. एकच सूर सुरुवातीपासून शेवटपर्यंत टपटपत राहतो. आधी मंद, मधे तोच सूर काळाकुट्ट होतो, पुन्हा मंद. थेंबांची नक्कल केली असं म्हटलेलं शोपँला मुळीच खपत नसे, असं सँडनं लिहून ठेवलंय. खरंच ती नक्कल नाही. मला तर त्यात तंबोऱ्याचा षड्ज ऐकू येतो, फक्त तुकडे केलेला. आमच्या डोंगरावर झरी पार्श्वनाथ आहेत, त्यांच्या नावातच झरा आहे. तिथं चढून गेलेल्या कुणालाही हे प्रिल्यूड ओळखीचं वाटेल.

आईला मी फक्त एवढंच सांगितलं की हे लिहिणाऱ्याला छातीचं दुखणं होतं आणि तो ओल्या हवेत अडकला होता.

“मग पंप नव्हता त्याच्याकडे?” तिनं विचारलं.

“नव्हता.”

“म्हणून हे करत बसला,” ती म्हणाली. मायोर्काच्या हिवाळ्यावर वाचलेल्या सगळ्या मजकुरात मला हेच वाक्य सर्वांत पटलं.

पुन्हा आश्विन आला. कोजागिरी झाली आणि देवळात काकडा सुरू झाला. कार्तिकी पौर्णिमेपर्यंत रोज पहाटे, पूर्वी हातात काकडे घेऊन, आता कर्ण्यावर. आमच्या भागात ऋतू बदलल्याची खबर वेधशाळेआधी काकडा देतो. पाण्याची पहिली बादली गरम लागायला लागते ती याच आठवड्यात.

त्या पहाटे आईला फार त्रास नव्हता, पण झोपही नव्हती. बारा महिने पुरे झाले होते, म्हणून मी पुन्हा ऑक्टोबर लावला होता. बाहेर अंधार, फवारणीच्या ब्लोअरची लांबून घरघर. पियानोचे सूर एक एक पडत होते. दोन सुरांच्या मधे आईचा श्वास ऐकू येत होता, थोडी शीळ होती त्यात, पण बाहेर जात होता. तेवढ्यात कर्णा खरखरला. कुणीतरी माइकवर टिचकी मारली, पेटीचा भाता ओढल्याचा आवाज आला, टाळ पडले. तुकडा अजून दीड मिनिट बाकी होता.

“बंद कर आता,” आई म्हणाली. “काकडा लागला.”

मी मोबाइल बंद केला. ती भिंतीला टेकून बसली आणि कर्ण्याच्या आवाजामागं, एका ओळीला दोनदा थांबत, म्हणू लागली.